अ‍ॅनोडाइज्ड भागांवरचे डाग : पुसण्याआधी पाहावेत

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर डाग दिसले की पुढे काय होते, हे मी नोकरीच्या काळात इतक्यांदा पाहिले आहे की तो क्रम मला तोंडपाठ झाला आहे. तपासणीच्या टेबलावरचा माणूस भाग उजेडात तिरका धरतो, अंगठ्याने घासून पाहतो, मग चिंधीला थिनर लावून घासतो. डाग निघाला तर विषय संपतो. न निघाला तर ‘अ‍ॅनोडायझिंग खराब’ असा शेरा मारून सगळा लॉट परत जातो. तिकडे अ‍ॅनोडायझिंग करणारा जुना थर कॉस्टिकमध्ये, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, उतरवतो, नवा चढवतो, आणि पुष्कळदा तोच डाग त्याच जागी घेऊन माल पुन्हा दारात उभा राहतो. या सगळ्या ये-जा करण्यात डाग नीट असा कोणी पाहिलेलाच नसतो. पृष्ठप्रक्रियेच्या कामात आयुष्याची बरीच वर्षे घालवल्यामुळे या सवयीविषयी लिहावेसे वाटले, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. डाग भागाच्या नेमक्या कोणत्या जागी आहे, त्याची कड धारदार आहे की विरत गेलेली, तो कशाने निघतो आणि तो प्रथम केव्हा नजरेस पडला, या चार गोष्टी टिपून होईपर्यंत भागाला हात लावू नये. घासल्याने यांतल्या दोन जातात आणि थर उतरवल्याने चारही जातात. त्यानंतर जो उपाय होतो तो अंदाजाने होतो, आणि अंदाज चुकला की एकमेकांकडे बोट दाखवणे एवढेच उरते.

या विषयात नसलेल्या वाचकांसाठी थराविषयी थोडे सांगितले पाहिजे. अ‍ॅनोडायझिंगचा थर हा रंगासारखा वरून दिलेला लेप नसतो. धातूचा स्वतःचाच पृष्ठभाग ऑक्साइडमध्ये बदललेला असतो. साधारणपणे लिटरला १५० ते २०० ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल असलेल्या, १८ ते २२ अंश सेल्सियसला राखलेल्या टाकीत भाग धन ध्रुवाला जोडून वीज सोडली की हा थर वाढत जातो. नेहमीच्या कामात त्याची जाडी ५ ते २५ मायक्रॉन असते. या थरात पृष्ठभागाला काटकोनात उतरणारी असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात, आणि शेवटच्या सीलिंगच्या टाकीत ती बुजेपर्यंत भाग टीपकागदासारखा वागतो. रंग त्याच कारणाने चढतो. पण तीच रंध्रे हाताचे तेल, कॉम्प्रेसरच्या हवेतले तेल, शेजारच्या भागावरून ठिबकलेले आम्ल आणि मार्करची शाईही तितक्याच तत्परतेने पितात. त्यामुळे डाग समोर आला की पहिला प्रश्न हा, की तो थराच्या खाली धातूत आहे, थराच्या आत आहे, की थराच्या वर बसलेला आहे. एवढे ठरले तरी निम्मी चौकशी आटोपते, आणि ते ठरवायला महागडे यंत्र लागत नाही.

आधी कोरडे मऊ कापड, मग सौम्य साबणाचे पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि शेवटी बारीक प्युमिसची ओली पेस्ट, असे चढत्या क्रमाने जावे आणि ते एकाच भागावर करावे. उरलेला लॉट जसाच्या तसा ठेवावा. अल्कोहोलने निघाला तर तेल, चिकटपट्टीचा गोंद किंवा शाई. साबणाच्या पाण्याला दाद न देणारा, पण पातळ आम्लाच्या थेंबाने विरघळणारा पांढरा ठिपका बहुधा जड पाण्यातल्या क्षारांचा असतो. हलक्या घासण्याने पांढरट आवरण उतरून खालचा रंग शाबूत दिसला तर ती सीलिंगमधली भुकटी. यांपैकी कशानेच फरक पडला नाही तर डाग थरात किंवा थराखाली आहे. अशा वेळी एका नमुन्यावरचा थर उतरवून पाहावा. थर गेल्यावरही खुणा तिथेच असतील तर त्या धातूबरोबर आलेल्या आहेत, आणि अ‍ॅनोडायझिंग कितीही वेळा केले तरी त्या जाणार नाहीत.

धातूबरोबर येणाऱ्या खुणांविषयी आपल्याकडे फारच कमी बोलले जाते, म्हणून तिथे थोडा थांबतो. ड्रॉइंगवर नुसते ‘अ‍ॅल्युमिनियम’ लिहिलेले असते आणि खरेदी विभाग जे मिळेल ते आणतो. ६०६३ सारख्या मिश्रधातूवर स्वच्छ, पारदर्शक थर येतो. २०२४ क्रमांकाच्या मिश्रधातूत तांबे जास्त असल्याने त्यावर तसा थर येत नाही, आणि कॉस्टिकच्या एचिंगनंतर, म्हणजे पृष्ठभाग किंचित खाऊन काढल्यानंतर, त्यावर काळी काजळी धरते. ही काजळी म्हणजे कॉस्टिकमध्ये न विरघळणारे तांबे, लोखंड, मँगनीज वगैरे. ती नायट्रिक आम्लाच्या टाकीत काढली जाते. तो वेळ कमी पडला तर ती थराखाली दडपली जाऊन करडे, ढगाळ पट्टे दिसतात. भरपूर सिलिकॉन असलेल्या ओतकामाच्या भागांची गोष्ट आणखी निराळी आहे. सिलिकॉन नायट्रिकला दाद देत नाही. त्याला फ्लोराइड लागते, आणि एवढे करूनही त्या भागाचा रंग करडाच राहतो. तो दोष नव्हे, धातूचा स्वभाव आहे. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरून तो घालवण्याचे प्रयोग कोणीही पूर्ण संरक्षणाशिवाय आणि जाणकाराशिवाय करू नयेत. ते आम्ल त्वचेतून आत उतरते आणि इजा तत्काळ जाणवतेच असे नाही.

वेल्डिंगच्या रेषेचेही तसेच. ६०६१ च्या चौकटीला ४०४३ च्या तारेने वेल्ड मारले तर अ‍ॅनोडायझिंगनंतर ती रेषा काळपट उठून दिसणारच, कारण त्या तारेत ५ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असते. ५३५६ ची तार वापरली असती तर रंग बराच जुळला असता. हा निर्णय वेल्डिंगच्या टेबलावर झालेला असतो, पण त्याचा जाब विचारला जातो तो टाकीवर उभ्या असलेल्या माणसाला.

एक्स्ट्रूजनच्या, म्हणजे तापलेला धातू साच्यातून दाबून काढलेल्या, लांब पट्ट्यांवर कधी कधी ठरावीक अंतरावर काळसर चट्टे दिसतात. प्रेसमधून निघालेली तापलेली पट्टी ज्या आधारांवर टेकते, तिथे ती बाकीच्या भागापेक्षा निराळ्या वेगाने थंड होते. त्या जागी मॅग्नेशियम सिलिसाइडचे कण मोठे होतात, धातू मऊ पडतो आणि एचिंगनंतर ती जागा काळी दिसते. चट्ट्यांमधले अंतर टेपने मोजले आणि सगळीकडे सारखे आले, की पुढे कडकपणाची चाचणी घ्यावी; चट्ट्यावरचा आकडा शेजारच्या धातूपेक्षा कमी निघाला तर प्रश्न मिटला. नुसती मोजपट्टी घेऊन सुटणारा हा दोष दुसऱ्यांदा अ‍ॅनोडायझिंगला गेल्याचे मी पाहिले आहे, आणि एकदा तो मीच पाठवला होता, हेही कबूल केले पाहिजे.

मशीन शॉपमध्ये पडणारे डाग याच गटातले. जुने झालेले, पीएच चढलेले कूलंट, म्हणजे यंत्रकामात थंडाव्यासाठी सोडायचे द्रावण, अंगावर घेऊन भाग रात्रभर ट्रेमध्ये एकावर एक पडून राहिले की जिथे दोन भाग टेकतात तिथे पृष्ठभाग किंचित खाल्ला जातो. उघड्या धातूवर ते डोळ्यांना दिसत नाही. एचिंग आणि अ‍ॅनोडायझिंग झाले की मात्र वरच्या भागाची कड खालच्या भागावर सावलीसारखी उमटते. डागाचा आकार शेजारच्या भागाच्या आकाराशी जुळतो का, हे भाग एकमेकांवर ठेवून पाहिले की पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

आता ज्या डागाने मला सर्वांत जास्त शिकवले त्याकडे येतो. काळ्या रंगाची चौकोनी झाकणे होती, तळहातापेक्षा थोडी मोठी, प्रत्येकावर आठ आटे पाडलेली छिद्रे. त्यांतली चार आरपार आणि चार बंद तळाची, म्हणजे ज्यांना आपण ब्लाइंड होल म्हणतो ती. बंद छिद्रांच्या एका अंगाला फिकट, तपकिरी झाक असलेली चंद्रकोर उमटत होती. अ‍ॅनोडायझिंग करणाऱ्याने रंग बदलून पाहिला, रंगाच्या टाकीचा पीएच बदलला, वेळ वाढवला. चंद्रकोर हलली नाही. तीन लॉट परत गेले. चौथ्या वेळी आम्ही काही न पुसता बारा झाकणे ओळीने मांडली आणि डोळ्यांना एवढेच दिसले की आरपार छिद्रे स्वच्छ आहेत, बंद छिद्रांनाच खूण आहे, आणि सगळ्या चंद्रकोरी एकाच दिशेला आहेत. रॅकवर झाकण कसे लटकत होते ते विचारल्यावर ती दिशा खालची निघाली.

यानंतर फारसे डोके चालवावे लागले नाही. आट्यांच्या खोबणीत आणि छिद्राच्या तळाशी सल्फ्युरिक आम्ल अडकून राहत होते. धुण्याच्या टाकीत भाग नुसता बुडवून काढल्याने ते बाहेर येत नव्हते, कारण बंद छिद्रातले पाणी आपणहून बदलत नाही. रंगाच्या टाकीत शिरल्यावर ते हळूहळू पाझरून खाली ओघळत होते आणि त्या वाटेवर रंग धरू देत नव्हते. रॅकवर झाकणे अशी फिरवली की छिद्रांची तोंडे तिरकी खाली राहतील. धुताना भाग टाकीतून पूर्ण बाहेर काढून, निथळू देऊन, पुन्हा बुडवायला सांगितले. छिद्रांत हवा मारली. आणि रंगाच्या आधी सोडियम बायकार्बोनेटच्या सौम्य द्रावणात एक बुडी ठेवली. बायकार्बोनेटनंतर पुन्हा नीट धुणे मात्र आवश्यक असते, नाहीतर एक दोष काढून दुसरा आत घेतल्यासारखे होते. पुढच्या लॉटमध्ये चंद्रकोर आली नाही. रंग तोच होता, पहिल्या दिवशी होता तो.

हेच आम्ल रंग न दिलेल्या भागांवर उशिरा बोलते. भाग तपासून, बांधून, गिऱ्हाइकाकडे पोचतो, आणि आठ-दहा दिवसांनी स्क्रूच्या छिद्राभोवती किंवा दोन पत्रे जिथे एकमेकांवर रिव्हेट केले आहेत त्या फटीतून पांढरा खरवडीसारखा थर बाहेर येतो. निघताना माल स्वच्छ होता, हे अ‍ॅनोडायझिंगवाल्याचे म्हणणे खरे असते आणि डाग आमच्याकडे पडलेला नाही, हे गिऱ्हाइकाचे म्हणणेही खरे असते. फटीत अडकलेले आम्ल दोघांनाही दिसलेले नसते. अशा रचनेला एकच खरा उपाय आहे, तो म्हणजे आधी अ‍ॅनोडायझिंग आणि मग जोडणी. किंवा निदान फटीला पाणी जाऊन येईल एवढी वाट. ओतकामातल्या सूक्ष्म पोकळ्यांना तर वाटही काढता येत नाही. ड्रॉइंग काढणाऱ्याने हे पेन्सिल हातात असतानाच ठरवायचे असते. प्लास्टिकचे आवरण दिलेल्या रॅकला चीर पडली असेल तर तीही याच फटीसारखी वागते आणि प्रत्येक वेळी त्याच हुकावरच्या भागाला डागते. म्हणून भाग रॅकच्या कोणत्या हुकावर होता हे लिहून ठेवण्याचा मी हट्ट धरत असे.

छिद्रांशी, कडांशी, रॅकशी कशाशीच नाते नसलेले, कुठेही विखुरलेले गोल फिकट ठिपके दिसले तर संशय तेलावर घ्यावा. एका ठिकाणी अशा ठिपक्यांसाठी आम्ही डीग्रीजिंगची, म्हणजे तेल काढण्याची, टाकी दोनदा रिकामी केली होती. शेवटी कोणीतरी टाकीतले द्रावण ढवळण्यासाठी सोडलेल्या हवेच्या नळीसमोर पांढरा कागद धरला. थोड्याच वेळात कागदावर पिवळसर तेलकट शिंतोडे उमटले. हवा कॉम्प्रेसरची होती, आणि कॉम्प्रेसरमधले तेल हवेबरोबर टाकीत येऊन पृष्ठभागावर तरंगत होते. आत जाताना आणि बाहेर येताना प्रत्येक भाग त्या तवंगातून जात होता. ढवळण्यासाठी तेलविरहित ब्लोअर असावा, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, पण ब्लोअर बंद पडला की कॉम्प्रेसरची नळी तात्पुरती म्हणून जोडली जाते आणि ती तात्पुरती वर्षभर राहते. भाग स्वच्छ आहे की नाही हे पाहण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत चांगली आहे : धुतल्यावर पाण्याचा पापुद्रा सगळीकडे अखंड राहिला पाहिजे, जिथे तो फाटून मागे सरतो तिथे तेल आहे.

धुण्याच्या टाक्यांकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, कारण त्यांत ‘नुसते पाणी’ असते. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीत डाग वाढतात अशी तक्रार असेल तर टाकीच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवून पाहावे. बुळबुळीत लागले तर साचलेल्या पाण्यात जीवाणू आणि शेवाळ धरले आहे. एचिंगनंतर भाग टाकीवर लटकत ठेवून माणूस दुसरे काम करायला गेला तर गरम कॉस्टिक अंगावरच वाळून ओघळ उमटतात, आणि ते पुढच्या कोणत्याही टाकीत जात नाहीत. टाकीत भर घालण्याच्या पाण्यातले क्लोराइड हा तिसरा त्रास. अ‍ॅनोडायझिंगच्या टाकीत ते लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास गेले की भिंगाखाली बारीक काळे खड्डे दिसू लागतात. हे डाग नसून धातूला पडलेली भोके असतात, त्यामुळे ती पुसण्याचा प्रश्नच नाही. पाणी बदलावे लागते.

सीलिंगविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ‘पांढरट झाले’ ही तक्रार सर्वाधिक येते आणि तिचे निदान सर्वांत ढिसाळ होते. गरम पाण्याच्या सीलिंगमध्ये भाग ९६ अंशांच्या वर, उकळत्याच्या जवळ असलेल्या शुद्ध पाण्यात ठेवला जातो. ऑक्साइड पाणी धरून फुगते आणि रंध्रे मिटतात. दर मायक्रॉनला २ ते ३ मिनिटे हा हिशेब धरला तर २० मायक्रॉनच्या थराला ४० ते ६० मिनिटे लागतात, आणि घाईच्या दिवसांत कात्री चालते ती नेमकी याच वेळेवर. पाण्याचा पीएच ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावा लागतो. तो वर गेला, पाण्यात कॅल्शियम आले किंवा भाग गरजेपेक्षा फार जास्त वेळ पाण्यात राहिला, की हे फुगणे रंध्रांत न थांबता पृष्ठभागावरही होते आणि आरशावर श्वास सोडल्यासारखे पांढरे धुके भागावर बसते. काळ्या भागावर ते फार ठळक दिसते. बोट ओढले की रेघ उमटते. हे पुसता येते, आणि थरही बहुधा नीट बंद झालेला असतो. म्हणजे डोळ्यांना वाईट दिसणारा हा भाग टिकायला चांगला असू शकतो.

याउलट ज्या टाकीत सिलिकेट किंवा फॉस्फेट शिरले आहे तिच्यातून भाग चकचकीत बाहेर येतो आणि आतून उघडा राहतो. लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपासचे सिलिकेटही सीलिंगला मारक ठरते, आणि फॉस्फेट तर त्याहून कमी पुरते. सिलिकेट साधारणतः सौम्य क्लीनरमधून किंवा पाण्यातूनच येते. फॉस्फेट पॉलिश करण्याच्या आम्लातून, नीट न धुतलेल्या भागांबरोबर. असा भाग तपासणीत उत्तीर्ण होतो आणि वापरात आल्यावर हाताच्या घामाने, ग्रीसने, चहाच्या पेल्याच्या वर्तुळानेसुद्धा डागतो. म्हणून पांढरे धुके दिसले म्हणून लॉट नाकारणारा आणि चकाकी पाहून लॉट घेणारा, असे दोन्ही तपासनीस मला सारखेच चुकलेले वाटतात. सीलिंग डोळ्यांनी तपासायची गोष्ट नाही. आधी आम्लाचा आणि मग रंगाचा थेंब टाकून, पुसून, खूण राहते का हे पाहण्याची चाचणी आयएसओ २१४३ मध्ये दिलेली आहे आणि ती कोणत्याही कारखान्यात काही मिनिटांत होते. वाद चिघळला तर आयएसओ ३२१० प्रमाणे आम्लात वजन किती घटते ते मोजावे. चौरस डेसिमीटरला ३० मिलिग्रॅम ही सर्वसाधारणपणे मान्य असलेली मर्यादा आहे. मिळालेला आकडा दोन्ही बाजूंना सारखाच ऐकवता येतो, हा त्याचा मोठा गुण.

इंद्रधनुषी झाक असलेल्या भागांबद्दल एवढेच लिहितो की तशी झाक बहुधा थर अतिशय पातळ, मायक्रॉनच्या अंशाएवढाच असल्याची खूण असते. भागाची रॅकशी पकड सैल झाली, वीज पोचली नाही. मल्टिमीटरच्या टोकांनी तपासले तर नीट चढलेल्या थरातून वीज जात नाही. इथे ती जाईल.

कारखान्याबाहेर पडल्यावरचे डाग हे खरे तर वेगळ्या पत्राचा विषय आहेत, पण एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. अ‍ॅनोडाइज्ड थर साधारणपणे पीएच ४ ते ८.५ एवढ्याच पट्ट्यात सुरक्षित असतो. ओले सिमेंट, चुना आणि भांडी धुण्याच्या यंत्राची तीव्र पावडर हे सगळे त्या पट्ट्याच्या वरचे आहे. खिडकीच्या चौकटीवर प्लास्टरचा शिंतोडा पडून वाळला की तो खरवडून काढता येतो, पण त्याखाली थर खाल्ला गेलेला असतो आणि तिथे कायमची मंद, पांढुरकी जागा राहते. बांधकामावरचा माणूस मग तो डाग काढायला फरशीचे आम्ल लावतो आणि हाताएवढा डाग चौकटीएवढा करतो. आवरण म्हणून लावलेली चिकटपट्टी उन्हात महिनोन्‌महिने राहू देऊ नये आणि ओलसर खोक्यात भाग एकमेकांना टेकवून बांधू नयेत, हे जाता जाता.

आता थर उतरवून पुन्हा चढवण्याच्या उपायाविषयी, कारण त्याची किंमत कोणी मोजत नाही. नेहमीच्या सल्फ्युरिक पद्धतीत थराचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मूळ धातू खाऊन तयार होतो आणि एक-तृतीयांश वर वाढतो. म्हणजे २० मायक्रॉनचा थर उतरवला की प्रत्येक पृष्ठभाग मुळापेक्षा जवळपास १३ मायक्रॉन आत गेलेला असतो, आणि बोअरचा, म्हणजे आतल्या गोल छिद्राचा, व्यास २६ मायक्रॉनने वाढलेला असतो. उतरवताना कॉस्टिकने खाल्लेला धातू याशिवाय. बेअरिंग बसायच्या बोअरसाठी एवढा फरक पुरेसा आहे. आटे ढिले होतात, पॉलिशची चकाकी जाते आणि मघाशी सांगितलेल्या धातूच्या खुणा उलट अधिक ठळक होतात. डागासाठी नाकारलेला भाग दुसऱ्या फेरीनंतर मापासाठी नाकारला जातो, आणि त्या वेळी मशीन शॉप आणि अ‍ॅनोडायझिंग यांच्यात जो पत्रव्यवहार होतो तो वाचण्यासारखा असतो.

दोष नेहमी दुसऱ्याचाच असतो असे मला सुचवायचे नाही. टाकीचे तापमान न पाहणारे, नायट्रिकमध्ये भाग नुसता दाखवून काढणारे, सीलिंगचे पाणी वर्षानुवर्षे न बदलणारे अ‍ॅनोडायझिंगवाले मी पुष्कळ पाहिले आहेत. पण त्यांना ‘डाग आहे’ एवढेच कळवले जाते, आणि एवढ्या माहितीवर कोणीही थर उतरवण्यापलीकडे काही करू शकत नाही.

तेव्हा उद्योगात असलेल्या आपल्या वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी लॉट परत पाठवताना त्यातले दोन-तीन डागलेले भाग न पुसता, हातमोजे घालून, कोरड्या कागदात वेगवेगळे गुंडाळून पाठवावेत. मिश्रधातूचा आकडा कळवावा. डाग माल उघडल्याबरोबर दिसला की काही दिवसांनी, ते लिहावे. आणि अ‍ॅनोडायझिंग करणाऱ्याने भाग रॅकवर कसा टांगला होता हे त्या कागदावर बाण काढून सांगावे. डागाभोवती वर्तुळ काढायचा मोह मात्र टाळावा. मार्करची शाई सील न झालेल्या थरात अशी उतरते की मूळ डागाचे कारण सापडले तरी ते वर्तुळ काही निघत नाही. आमच्याकडच्या एका लॉटमध्ये शेवटी तेवढ्याच कारणाने चाळीस भाग भंगारात गेले होते.

आपला,
पृष्ठप्रक्रिया विभागातील एक निवृत्त पर्यवेक्षक